कूपमंडूक वापरताना

'कूपमंडूक' हा शब्द आवडला ना, मग बिनधास्त वापरा. कूप म्हणजे विहीर, मंडूक म्हणजे बेडूक; आपली विहीर हाच समुद्र मानणारा. १८९३ मध्ये शिकागोत विवेकानंदांनी याच बेडकाची गोष्ट सांगितली होती.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- घरकोंबडा वेगळा. तो फक्त घराबाहेर पडत नाही. कूपमंडूक दहा देश फिरलेलाही असतो, आणि तिथेही 'आमच्या पुण्यात असं नसतं' म्हणतो!
- गावाचा अभिमान म्हणजे कूपमंडूकपणा नव्हे. बाहेरचं जग जोखायचंच नाही, असा हट्ट असेल तरच तो कूपमंडूकपणा.
- 'विहिरीतला कूपमंडूक' नको, विहीर दोनदा येते.
- 'कू' आणि 'डू' दोन्ही दीर्घ.

बोलताना 'डबक्यातला बेडूक' जास्त शोभतं. कूपमंडूक लेखासाठी ठेवा.