सिगारेट-बिडीमुळे पुरुषांना कमी ऐकू येऊ शकतं का?

हो, येऊ शकतं. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तीही अगदी बारीक. निकोटिनने ती आकसते, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्तातला ऑक्सिजन घटतो. तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. टीव्ही ऐकू येतो, पण बोलण्यातले 'स', 'फ' निसटतात. "तूच पुटपुटतेस," असं बायकोला वारंवार ऐकवत असाल, तर दोष बहुधा तिचा नाही!

जपानमध्ये सुमारे 50 हजार कामगारांवर जास्तीत जास्त आठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं (निष्कर्ष 2018 चे). धूम्रपान करणाऱ्यांत उंच पट्टीचं ऐकणं कमी होण्याचा धोका 1.6 पट निघाला. सोडल्यावर पाचेक वर्षांत तो बराच उतरलेला दिसला. गेलेलं ऐकणं मात्र परत मिळत नाही.

वय, मधुमेह, गोंगाट हीही कारणं असतातच. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागावर दिवसभर उभं राहून वर बिडी, म्हणजे कानावर दुहेरी मार. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.