मालिकेतून जागी झालेली इच्छा आपली असते का?

‘ताई, माझे वय एकोणतीस आहे आणि गेली सहा वर्षे मी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. मागच्या वर्षी आजारपणात सहा आठवडे घरी होते, तेव्हा मी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरची ‘द वेस्ट विंग’ ही मालिका पाहिली आणि नंतर ती आणखी दोनदा पाहिली. तेव्हापासून एखाद्या लोकप्रतिनिधीसाठी धोरणांचा अभ्यास करावा, भाषणे लिहावीत, असे मला सारखे वाटते. मी सभागृहातील चर्चा ऐकते, अर्थसंकल्पही वाचू लागले आहे. मोठा भाऊ म्हणतो, “मालिका बघून कुणी नोकरी सोडतं का?” त्याचे बोलणे मनाला लागते, कारण हीच शंका मलाही आहे. ही इच्छा माझी आहे की पटकथाकाराची? मी राजीनामा द्यावा का?’

सस्नेह नमस्कार,

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘अर्थसंकल्पही वाचू लागले आहे’, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले. केवळ मालिकेच्या मोहात पडलेला माणूस तीच मालिका पुन्हा पाहतो किंवा तिच्यासारखी दुसरी शोधतो. अर्थसंकल्पात ना पार्श्वसंगीत असते, ना एखादे आवडते पात्र, आणि तरीही तो तुम्ही आपणहून उघडून वाचता, याचा अर्थ इच्छा पटकथाकाराच्या हातून निघून तुमच्याकडे आली आहे. एखाद्याला शिक्षकामुळे विज्ञानाची गोडी लागते, घरातील दुखण्यामुळे कुणी परिचारिका होते, आणि त्यांना कुणी विचारत नाही की ही ओढ तुमची स्वतःची आहे का. हा संशय दूरचित्रवाणीच्याच वाट्याला येतो आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

शिवाय या वाटेवर तुम्ही एकट्या नाही. ‘द वेस्ट विंग’ अमेरिकेत २२ सप्टेंबर १९९९ रोजी सुरू झाली आणि सात पर्वांनंतर १४ मे २००६ रोजी संपली. तिच्यामुळे आपण राजकारणाकडे वळलो, असे उघडपणे सांगणारी तरुण मंडळी पुढे वॉशिंग्टनमधील कार्यालयांत काम करू लागली. असे का घडले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. निर्माता आणि लेखक अ‍ॅरन सॉर्किन यांच्या मूळ योजनेत राष्ट्राध्यक्ष क्वचितच दिसणार होते आणि मालिका त्यांच्या सहकाऱ्यांची असणार होती. पुढे राष्ट्राध्यक्ष बार्टलेट यांना मोठी जागा मिळाली, तरी कथेचा जीव भाषण लिहिणारा टोबी, पत्रकारांना सामोरी जाणारी सी. जे. आणि मतांची जुळवाजुळव करणारा जॉश यांच्यातच राहिला. निवडून येणारा नेता सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या मागे बसून मसुदा खोडणारे, पुन्हा लिहिणारे माणूस मात्र सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही, आणि जे काम कधी पाहिलेलेच नाही ते करावेसे वाटणार तरी कसे? या मालिकेने हजारो प्रेक्षकांना त्या कामाची ओळख करून दिली, आणि त्यांत तुम्हीही आहात.

इच्छा पटकथाकाराची आहे का, या तुमच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अध्यक्ष क्लिंटन यांच्या प्रसिद्धी सचिव आणि त्या पदावरील पहिल्या महिला डी डी मायर्स या मालिकेच्या सल्लागार होत्या. उपाध्यक्ष अल गोर यांची भाषणे लिहिणारे एली अ‍ॅटी पुढे तिच्या लेखकांत सामील झाले. म्हणजे जे दृश्य पाहून तुम्हाला ‘हे आपल्याला करता येईल’ असे वाटले, त्यामागे ते काम प्रत्यक्ष केलेल्या माणसांचा अनुभव असण्याची शक्यता बरीच आहे. तो अनुभव तुमच्यापर्यंत नाट्याच्या रूपाने पोहोचला, म्हणून तो खोटा ठरत नाही.

इतर देशांतही असे घडले आहे. ‘बॉर्गन’ ही डॅनिश मालिका २०१० मध्ये सुरू झाली आणि तिच्यात बिर्गिट नायबोर्ग ही देशाची पहिली महिला पंतप्रधान होते. त्यानंतर साधारण वर्षभराने, ऑक्टोबर २०११ मध्ये, हेला थॉर्निंग-श्मिट या डेन्मार्कच्या खऱ्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. मालिकेमुळे त्या निवडून आल्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. मला मोलाचे वाटते ते निराळेच आहे. डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा आहेत आणि बहुमताला ९० लागतात, हे गणित डेन्मार्कबाहेरचे प्रेक्षकही श्वास रोखून करू लागले. आघाडीची बोलणी हा विषय सर्वसाधारणपणे कंटाळवाणा मानला जातो, आणि तोच लोकांनी रस घेऊन पाहिला. युक्रेनमध्ये तर २०१५ पासून एका मालिकेत इतिहासाचा शिक्षक अचानक राष्ट्राध्यक्ष होतो, तीच भूमिका करणारे वोलोदिमिर झेलेन्स्की २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मते मिळवून खरोखर राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या पक्षाचे नावही मालिकेचेच होते. पात्रावर जडलेला विश्वास माणसाकडे किती सहज वळतो, हे त्यातून दिसते. तुम्हीही उद्या ज्यांच्या हाताखाली काम कराल, त्यांच्या चेहऱ्यात नकळत बार्टलेट शोधाल. ती तुलना त्या माणसावर अन्याय करील आणि तुम्हालाही निराश करील, म्हणून तिच्याबद्दल आधीच सावध असा.

आता मालिका जे दाखवत नाही, त्याकडे वळते, कारण तुमचा राजीनाम्याचा प्रश्न तिथेच सुटणार आहे. ‘द वेस्ट विंग’च्या पहिल्या पर्वात जनगणनेच्या पद्धतीवरून मतदान व्हायचे असते. ओहायोचे विलिस नावाचे एक सदस्य मुळात शाळाशिक्षक आहेत आणि दिवंगत पत्नीच्या जागी काही काळापुरते सभागृहात आले आहेत. टोबी युक्तिवाद करतो, विलिस शांतपणे ऐकतात, विचार करतात आणि पटले म्हणून आपले मत बदलतात. तो प्रसंग मी जितक्यांदा पाहिला तितक्यांदा माझे डोळे पाणावले. ती मालिका पाहून राजकारणात जावेसे वाटणाऱ्या बहुतेकांच्या मनात असाच एखादा प्रसंग घर करून असणार, असे मला वाटते. नीट मांडलेला मुद्दा ऐकून समोरचा प्रामाणिक माणूस बदलतो, ही आशा फार सुंदर आहे, आणि नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याला सर्वांत जास्त दुखावतेही तीच. प्रत्यक्षात समोरचा सदस्य पक्षादेशाने, मतदारसंघाच्या दडपणाने आणि आधी दिलेल्या शब्दाने बांधलेला असतो. तुमचा मुद्दा त्याला पूर्ण पटतो आणि तरीही तो विरोधात मत देतो. तुम्ही रात्रभर जागून लिहिलेले वाक्य सकाळी कुणीतरी एका रेघेत खोडते, त्याचे कारणही तुम्हाला सांगितले जात नाही, आणि दुपारपर्यंत तुम्हाला दुसरा मसुदा द्यायचा असतो.

काळाचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे समित्यांमध्ये अडकलेला विषय मालिकेत पाऊण तासाच्या आत मार्गी लागतो. लांबलचक मार्गिकांतून भरभर चालत बोलण्याची ती प्रसिद्ध पद्धत दिग्दर्शक थॉमस श्लामी यांनी संवादांना गती यावी म्हणून वापरली होती. प्रत्यक्षातले काम बसून करायचे असते, आणि ते मुख्यतः वाचण्याचे आणि वाट पाहण्याचे असते. ही दुसरी बाजू पाहायची असेल, तर ‘येस मिनिस्टर’ ही १९८० ते १९८४ या काळातील ब्रिटिश मालिका आवर्जून पाहा. ती विनोदी आहे, पण निर्णय ज्याच्या हातून कागदावर उतरतो त्याच्या हाती किती सत्ता असते, हे तिने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच कुठे दिसते. स्वतः मार्गारेट थॅचर यांची ती आवडती मालिका होती.

इथे माझ्या आयुष्यातील एक गोष्ट सांगते. चोविसाव्या वर्षी मीही एका राजकीय मालिकेने भारावून एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात दाखल झाले. भाषणे लिहायला मिळतील, या आशेने मी गेले होते, पण तीन महिने मतदार यादीतील नावे आणि पत्ते ताडून पाहिले. उमेदवार हरला. निकालाच्या रात्री खुर्च्या आवरल्या जात असताना एका वृद्ध बाईंचे पत्र माझ्या हाती आले. त्यांचे निवृत्तिवेतन आठ महिने अडकले होते आणि त्यांना निवडणुकीच्या निकालाशी काहीही कर्तव्य नव्हते. ते पत्र कुणाचेच नव्हते, म्हणून मी घरी नेले, कोणत्या खात्याकडे कोणता कागद द्यावा लागतो ते शोधून काढले आणि त्यांना चार पानी उत्तर लिहिले. ते लिहीत असताना पहाट झाली, हे माझ्या ध्यानातही आले नाही. आज मी हा स्तंभ लिहिते, त्याची सुरुवात त्या रात्री झाली. मालिकेने मला ज्या दारापाशी नेले, त्या दारातून मी आत गेले खरी, पण माझे काम मला तिथल्या वेगळ्याच खोलीत सापडले, आणि आत गेलेच नसते तर तेही सापडले नसते.

म्हणून राजीनामा आत्ता देऊ नका, पण घरीही बसून राहू नका. तुमच्या गावात किंवा शहरात सर्वांत खालच्या स्तरावर निवडून आलेला जो लोकप्रतिनिधी असेल, त्याच्या कार्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी काम करण्याची तयारी दाखवा आणि निदान सहा महिने ते करा. भाषणे मागू नका, लोकांची आलेली पत्रे आणि अर्ज मागा. या कामात तुम्ही नवख्या नाही, ही गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. नियम वाचणे, तो एका विशिष्ट माणसाच्या अडचणीला लागू होतो का ते ठरवणे आणि नकार द्यायचा असेल तर तो समजेल अशा भाषेत कळवणे, हे तुम्ही सहा वर्षे रोज करत आला आहात, आणि लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातील निम्मे काम हेच असते. ज्या नोकरीतून सुटका हवी असे तुम्हाला वाटते, तिनेच तुम्हाला या कामासाठी तयार केले आहे.

रोज घरी आल्यावर दोन ओळी लिहून ठेवा: आज कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही आणि कोणते काम करताना घड्याळाकडे लक्ष जात होते. सहा महिन्यांत एखादा पराभवही वाट्याला येईल, एखादा प्रस्ताव फेटाळला जाईल किंवा मेहनतीने तयार केलेले निवेदन कुणी वाचणार नाही. त्या दिवसाची नोंद सर्वांत काळजीपूर्वक करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले का, हे मला तुमच्या कोणत्याही उत्साहापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. आणि ज्यांच्यासाठी काम करता, त्यांचे एखादे मत तुम्हाला मुळीच मान्य नसेल, तरी त्यांच्यासाठी प्रामाणिकपणे मसुदा लिहिता येतो का आणि कोणत्या मुद्द्यावर लेखणी खाली ठेवाविशी वाटते, हेही तपासा. मालिकेत सगळे सहकारी आपल्या नेत्यावर जीव ओवाळून टाकतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे फार क्वचित येतो.

पैशांविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, म्हणून मला थोडी काळजी वाटते. या क्षेत्रात सुरुवातीचे काम अनेकदा विनामोबदला असते. खुद्द व्हाइट हाउसमधील प्रशिक्षणार्थींना वेतन मिळू लागले ते २०२२ मध्ये, म्हणजे तुमची मालिका संपल्यावर सोळा वर्षांनी. याचा परिणाम असा झाला की ज्यांना घरून आधार होता तेच तिथवर पोहोचू शकले. तुम्हाला तसा आधार नसेल, तर वर्षभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी धरून ठेवा.

सहा महिन्यांनंतर हे काम आपले नाही असे वाटले, तर लाजू नका आणि अर्थसंकल्प वाचणेही सोडू नका. नोकरी सांभाळून सभागृहाची चर्चा ऐकणारी, जाहीर सुनावणीत उभी राहून नेमका प्रश्न विचारणारी नागरिक कोणत्याही लोकप्रतिनिधीला हवी असते, किंवा निदान तिची दखल तरी घ्यावी लागते.

भावाशी या विषयावर सध्या वाद घालू नका. त्याच्या प्रश्नामागे तुमच्या मिळकतीची काळजी असावी, असा माझा कयास आहे, आणि काळजीला संवादफेकीने उत्तर देता येत नाही. बचतीचा हिशेब आणि त्या दोन ओळींची वही त्याला दाखवा. आणि पहिल्या महिन्यात कुणाचे कोणते पत्र तुमच्या हाती आले, त्याचे तुम्ही काय उत्तर दिले, हे मला अवश्य कळवा.

तुमची,
ताई