पुस्तकं वर, मशीन खाली

"ताई, मी सांगलीत कर्नाळ रोडला राहतो, पतसंस्थेत नोकरी करतो. बरीच वर्षं तत्त्वज्ञान वाचतोय. गीतेपासून सुरुवात झाली, मग मार्कस ऑरेलियस, एपिक्टेटस हे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ. त्याने मी खूप शांत झालो. ऑफिसातलं राजकारण, नातेवाइकांचे टोमणे, आता काही लागत नाही. पण घरात हे कुणाला कळत नाही. बायको शिवणकाम करते. २०१९च्या पुरात तळमजल्यात पाणी आलं, तिची शिलाई मशीन आणि पिको-फॉलची मशीन, दोन्ही बुडाल्या. गिऱ्हाइकांची कापडंही गेली (त्याचे पैसे तिने पुढे हळूहळू फेडले). माझी पुस्तकं सुदैवाने वरच्या खोलीत होती. ती रडायची तेव्हा मी तिला एपिक्टेटसचं मडक्याचं उदाहरण दिलं : आवडतं मडकं हाताळताना 'हे मडकं आहे' असं स्वतःला बजावत राहावं, म्हणजे ते फुटलं तरी त्रास होत नाही. ती अजून त्यावरून ऐकवते. आता पावसाळा जवळ आला की एकच घोषा, मशीन वर न्यायची. वर माझी वाचनाची खोली आहे. मी म्हणतो, 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन', पाणी यायचं तर येईल. ती म्हणते, तुम्ही दगड झालाय. तिला या विचारांची गोडी कशी लावू? कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करून देऊ?"

कुठल्याच नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. बाकी सगळं पत्र मी एकदा वाचलं, ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कापडाचे पैसे तिने हळूहळू फेडले.

२०१९चा पूर ऑगस्टमधला. म्हणजे श्रावण, गौरी-गणपती तोंडावर, शिवणाऱ्या बाईच्या घरात कापडाचे गठ्ठे लागलेले. काठपदराच्या साडीतला ब्लाऊजपीस एकदा गेला की तसा दुसरा बाजारात मिळत नाही. एकेका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, तुमचं कापड गेलं. कुणी समजून घेतलं असेल, कुणी नसेल. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी पंचेचाळीस. अर्धं शहर पाण्यात होतं. "पुरात गेलं हो" म्हणून तिने हात झटकले असते तर सांगलीत कुणी तिला दोष दिला नसता. तिने हात झटकले नाहीत. आणि ज्या मशिनींवर शिवून पैसे फेडायचे त्याही बुडालेल्या. मग तिने ते कसे फेडले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलं होतंत का कधी?

तुमचा एपिक्टेटस त्याच्या छोट्या पुस्तिकेच्या (एन्खिरिडियन) पहिल्याच परिच्छेदात सांगतो की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. पाऊस, कोयनेतून सोडलेलं पाणी, गिऱ्हाईक काय बोलेल, हे हातात नाही. आपण काय ठरवतो आणि काय करतो, तेवढं आहे. ही विभागणी तुमच्या घरात कुणीतरी अगदी काटेकोर पाळली आहे. पाळणाऱ्या व्यक्तीने एपिक्टेटस वाचलेला नाही, आणि वाचणाऱ्याने तिची नोंद कंसात केली. तिला गोडी लावायला निघालात, म्हणून मला राग आला.

आता मडक्याचं बघू. त्याच छोट्या पुस्तिकेत पुढे दुसऱ्याच्या घरातला पेला फुटल्याची गोष्ट आहे. शेजाऱ्याच्या नोकराने पेला फोडला की आपण चटकन म्हणतो, चालायचंच. मग आपला फुटला तरी तसंच वागावं, असं तो म्हणतो. म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीवर "चालायचंच" म्हणायला काही अभ्यास लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अभ्यास लागतो तो स्वतःच्या पेल्याला. रडणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हेही त्याने सांगितलंय : आतून ढळू नका, पण धीराचे शब्द बोलायला मागेपुढे पाहू नका, वेळ आली तर त्याच्याबरोबर हुंदकाही द्या. तुमची पुस्तकं तर भिजलीही नव्हती, मग एवढंच पान कसं चिकटून राहिलं?

हा एपिक्टेटस गुलाम होता, पायाने अधू होता. त्याचा लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. लोकांना ही गोष्ट फार आवडते. पण दिवा त्याचा स्वतःचा होता, म्हणून त्या बोलण्याला वजन आहे. आणि हाच माणूस म्हातारपणी एका मित्राचं टाकून दिलं जाणारं मूल घरी घेऊन आला, ते वाढवायला एक बाईही घरात आणली, असं त्याच्यावर भाष्य लिहिणाऱ्या सिम्प्लिशियसने नोंदवलंय. जे व्हायचं ते होईल म्हणत तो मुलाकडे बघत बसला नाही.

गीतेचंही तसंच. श्लोकाला चार चरण आहेत, तुम्ही दोनांवर थांबता. शेवटचा चरण असा : मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि. काही न करण्याची आसक्ती तुला जडू नये. समोर नेमकी तीच आसक्ती असलेला माणूस बसला होता, म्हणून हे सांगावं लागलं. धनुष्य खाली टाकून रथात बसलेला अर्जुनही वैराग्याच्याच भाषेत बोलत होता, भीक मागून जगणं बरं म्हणत होता. त्याची ती भाषा ऐकून कृष्णाने त्याला शाबासकी दिलेली नाही.

तुम्ही खोटे आहात असं मी म्हणत नाही. ऑफिसात तुम्हाला काही लागत नाही, यावर माझा विश्वास आहे. पण २०१९ला त्या घरात तुमचं स्वतःचं काय गेलं, ते पत्रात शोधलं, मला सापडलं नाही. वरची खोली कोरडी होती. कोरड्या खोलीत आलेल्या शांतीची परीक्षा व्हायची आहे. २०२१ला नदी पुन्हा चढली तेव्हा खालच्या मशिनींचं काय झालं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि तिला समजावणं थांबवा. यावरही एपिक्टेटसचं उदाहरण आहे, ते आटपाडी-जतकडच्या धनगराला उलगडून सांगावं लागणार नाही. मेंढी किती चरली हे दाखवायला गवत आणून मालकापुढे टाकत नाही. ती ते पचवते, मग लोकर आणि दूध देते. तुम्ही इतकी वर्षं घरात गवत टाकताय.

काय करायचं ते सांगते, आणि दुसरा पर्याय देत नाही. मृग लागायच्या आत वरची खोली रिकामी करा. पावसाळ्याचे चार महिने ती खोली तिची. दोन्ही मशिनी, कापडाचे गठ्ठे, धाग्यांचे डबे, मापाची वही, सगळं वर. जिना चढून गिऱ्हाईक येणार नाही, अशी शंका तुम्ही काढाल. गिऱ्हाईक खालीच येऊ दे, मापं खाली घेता येतात, शिवणं वर. पुस्तकं भिंतीच्या कडेला एका रांगेत लागतील, नाही मावली तर खोक्यात भरून पोटमाळ्यावर जातील. तुमची वाचायची खुर्ची खाली, तिच्या जागेवर. जुलैत रात्री फोनवर कोयनेच्या विसर्गाचे आकडे यायला लागतील तेव्हा तुम्ही तळमजल्यात असाल आणि तिचं काम वर. तेव्हा मार्कस ऑरेलियस उघडा, मला वाटतं जास्त कळेल.

हे सगळं करताना गीता नाही, ग्रीक नाही, "तू म्हणतेस म्हणून करतोय" हेही नाही. कापडाचे पैसे कसे फेडलेस, हे मात्र विचारा. उत्तर लांबलं तर मध्ये बोलू नका.

लोखंडी पायाची मशीन जड असते, जिन्यात वळवताना दोन माणसं लागतात. दुसरं माणूस म्हणून तिला हाक मारू नका, शेजारच्या कुणाला तरी बोलवा.

— ताई