रोल मोकळा सोडा, मग मशीनला बोल लावा

वाचकांचे प्रश्न: रेडियम कटिंग आणि प्लॉटर

या अंकात खान्देशातल्या दुकानदारांचे चार प्रश्न घेतलेत. चौघांचं दुखणं साधारण एकच आहे, रेडियमचा (मागे कागद असलेल्या चिकट विनाइलचा) रोल प्लॉटरमधून, म्हणजे ते ब्लेडने कापणाऱ्या मशीनमधून, सरळ चालत नाही. पहिल्याचं उत्तर लांबलंय पण बाकीच्या तिघांनीही ते आधी वाचा, बरंचसं तिथेच आलंय.

प्रश्न: राम राम भाऊ. अमळनेरला माझं रेडियमचं दुकान आहे, २८ इंची चायना प्लॉटर आहे. ट्रकच्या कॅबिनवर नि फाळक्यावर नावं टाकायची कामं जास्त येतात. दोन-अडीच फुटापर्यंत काहीच त्रास नाही पण आठ फुटाचं नाव लावलं की पहिली अक्षरं झकास येतात आणि पुढे पुढे रेडियम उजवीकडे सरकत जातं, शेवटी काठ रोलरखालून निघतो आणि ब्लेड रिकाम्या पट्टीवर फिरतं. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला, बदला. बदलू का?

उत्तर: भाऊ, आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. बोर्डात बिघाड असता तर छोट्या कामातही वेडंवाकडं कापलं असतं, मशीन मध्येच थांबलं असतं, रेघ भलतीकडे गेली असती. तुमच्याकडे चूक हळूहळू वाढते आणि एकाच बाजूला जाते, म्हणजे हेड (ब्लेड धरून आडवा फिरणारा भाग) नीट चालतंय, तिरकं चाललंय ते रेडियम.

हिशोब करून बघा. रोल लावताना काठ ३० सेंटिमीटरला फक्त १ मिलिमीटर तिरका बसला, जे डोळ्याला दिसतसुद्धा नाही, तर आठ फुटावर म्हणजे जवळपास अडीच मीटरवर तो ८ मिलिमीटर सरकलेला असतो. दोन फुटात हेच २ मिलिमीटर होतात, ते कुणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं छोट्या कामात मशीन चांगलं आहे. आणि एकदा का काठ पिंच रोलरखालून (वरून रेडियम दाबून धरणाऱ्या रबरी रोलरखालून) निसटला की मग त्या बाजूला पकडच राहत नाही, तिथून पुढे सगळं भराभर बिघडतं.

आता रोल लावायची पद्धत. बहुतेक दुकानांत मी बघतो, रोलचं पुढचं टोक पट्टीला समांतर करतात आणि पिंच रोलर खाली दाबणारं लिव्हर पाडतात. ते टोक तुम्ही मागच्या कामाला कात्रीने कापलेलं असतं, ते काटकोनात कसं असेल? बघायचा तो बाजूचा काठ. पिंच रोलर वर असताना रेडियम मागून घाला, पुढे हातभर बाहेर ओढा, मग रोल मागे किंचित फिरवून ताण द्या आणि काठ मागच्या बाजूला नि पुढच्या बाजूला खुणेपासून सारख्याच अंतरावर आहे का ते पट्टी लावून बघा, मशीनवर खुणा नसतील तर पेनने स्वतःच्या करा, आणि तो ताण हातात धरूनच लिव्हर खाली घ्या. ताण सोडून लिव्हर पाडलं तर मधे पोट राहतं आणि ते पोट पुढे एका बाजूला पळतं.

लिव्हर पाडल्यावर लगेच कापायला देऊ नका. बाणाच्या बटणाने तीन मीटर पुढे जाऊ द्या, तसंच तीन मीटर मागे आणा, आणि सगळा वेळ काठावर नजर ठेवा. काठ खुणेवरून हलला तर लिव्हर उचलून पुन्हा लावा. काम जेवढं लांब तेवढं अंतर आधी असं फिरवून बघायचंच, माझ्या मते आठ फुटाच्या कामाला यापेक्षा मोठी काळजी दुसरी नाही.

यातून दुसरा फायदाही होतो. रेडियम मागे आलं की रोल आणि मशीन यांच्यामध्ये सैल झोळ पडते. तीच हवी असते. ५० मीटरचा २४ इंची साधा रोल आठ किलोच्या आसपास भरतो, कापताना दर वेळी मशीननेच तो ओढायचा म्हटलं तर झटका बसणारच. चायना प्लॉटरमध्ये बहुतेक वेळा स्टेपर मोटर (ठरावीक स्टेपने फिरणारी) असते, झटक्याने तिची स्टेप चुकते आणि मशीनला कळतही नाही, ते आपलं पुढे कापत राहतं. सर्वो मोटरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये, तिच्यातला एन्कोडर मोटर किती फिरली ते सांगतो, रोलरवरून रेडियम घसरलं तर ते त्याला दिसत नाही. म्हणून कामाएवढं रेडियम आधी मोकळं सोडा, झोळ जमिनीवर धुळीत लोळणार नाही एवढं बघा, खाली स्वच्छ कापड टाकलं तरी चालतं. आणि रोलचा दांडा मशीनला समांतर आहे का तेही मोजा, डाव्या टोकापासून मशीनपर्यंत आणि उजव्या टोकापासून मशीनपर्यंत टेप लावा, स्टँडचा एक नट ढिला असला तरी फरक निघतो.

एवढं करून परत एकाच बाजूला जात असेल तर पिंच रोलर बघा. एका बाजूचा घट्ट आणि दुसऱ्या बाजूचा ढिला म्हणजे गाडीला एक बैल जोर लावतोय आणि दुसरा रेंगाळतोय, गाडी रेंगाळणाऱ्याच्या अंगाला वळणार. वहीच्या कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, एकेक रोलरखाली धरा नि हाताने ओढा, दोन्हीकडे सारखाच जोर लागला पाहिजे. पिंच रोलर रेडियमच्या काठापासून साधारण एक सेंटिमीटर आत हवा, आणि तो खालच्या खरखरीत ग्रिट रोलरच्या बरोबर वर हवा. खालचा रोलर तुकड्या-तुकड्याने असेल तर वरचा चुकून दोन तुकड्यांच्या मधे बसतो आणि नुसताच फिरतो. रोलँडच्या मशीनमध्ये यासाठी पट्टीवर पांढऱ्या खुणा दिलेल्या असतात, तुमच्यात नसल्या तर एकदा टॉर्च लावून बघून मार्करने करून ठेवा. २४ इंची रेडियमला दोन बाजूंचे दोन रोलर पुरतात, मधला तिसरा उचलता येत असेल तर उचला. आणि स्पीड कमी करा, मशीनवर ६०० किंवा ८०० लिहिलेलं असलं तरी लांब कामाला २०० मिलिमीटर सेकंदाच्या वर जाऊ नका, नाव दहा मिनिटं उशिरा निघालं तर काही बिघडत नाही.

प्रश्न: धुळ्याहून लिहितेय. मी घरूनच काम करते, दुकानांच्या काचेवरची मराठी नावं. माझी तक्रार वेगळी आहे, रेडियम सरकताना दिसत नाही पण लांब नावाची शिरोरेषा शेवटी जुळत नाही, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होते, कधी सुरुवातीची आणि शेवटची रेघ मिळतच नाही. इंग्लिश नावं त्याच मशीनवर बरोबर येतात! फॉन्टचा दोष आहे का?

उत्तर: ताई, फॉन्ट चांगला आहे. इंग्लिशमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं, मशीन एक अक्षर कापतं, संपवतं, पुढच्यावर जातं, त्यामुळे एका अक्षरात फार तर वीतभर पुढे-मागे होतं. आपल्या नावात तुम्ही कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरं वेल्ड केली, म्हणजे एकमेकांत जोडली की अख्खा शब्द एकच आकार होतो, मग ब्लेड शिरोरेषेच्या वरच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि खालून एकेका अक्षराला वळसा घालत परत येतं. पाच फुटाचं नाव असेल तर रेडियम पाच फूट पुढे आणि पाच फूट मागे, आणि मधे प्रत्येक काना-वेलांटीला थोडं थोडं पुढे-मागे. तेवढ्यात अर्धा मिलिमीटर घसरलं तरी सगळा फरक शिरोरेषेत उमटतो कारण ती सरळ आणि बारीक असते, डोळा तिथेच जातो.

आधी खात्री करून घ्या. दोन सेंटिमीटरचा एक चौकोन आणि एक गोल कापा, शिवाय एक मीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशी एक पट्टी कापा. छोटा गोलच जुळत नसेल तर रोलकडे बघायचं कारण नाही, ब्लेड होल्डरमध्ये ढिलं आहे किंवा ऑफसेट (ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून जेवढं बाजूला असतं ते अंतर) चुकलाय, साध्या ४५ डिग्री ब्लेडला बहुतेक वेळा ०.२५ मिलिमीटर ऑफसेट लागतो. छोटे आकार जुळले आणि लांब पट्टीच तेवढी चुकली तर रेडियम घसरतंय.

घसरत असेल तर वर अमळनेरच्या भाऊंना सांगितलंय ते सगळं करा, आणि त्याबरोबर काम लावायची पद्धत बदला. नाव २३ इंचाच्या आत बसत असेल तर ते फिरवून रोलच्या रुंदीत आडवं लावा, मग लांबीच्या दिशेने हेड चालतं, हेड बेल्टवर असतं, ते घसरत नाही. मोठं नाव असेल तर अख्ख्या ओळीचा एक आकार करू नका. शब्द वेगळे ठेवा, आणि एकच शब्द लांबलचक असेल तर जोडाक्षर तुटणार नाही अशा जागी शिरोरेषेला काप द्या, दोन तुकड्यांत दोन मिलिमीटर एकमेकांवर चढेल एवढी जागा ठेवा आणि काचेवर लावताना जोडा. तीन फुटावरून जोड कुणाला दिसत नाही, वाकडी शिरोरेषा मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसते.

प्रश्न: आमचं दुकान सावद्याला, पत्र्याचं शेड आहे. मे महिन्यात मशीन अजिबात ऐकत नाही, रेडियम रोलरवर चिकटतं, काठाला लाटा येतात, कधी कागद आणि रेडियम मधेच सुटून बोगद्यासारखं फुगतं. दिवसभर कूलर चालू असतो तरी हेच. हिवाळ्यात हेच मशीन गुणी असतं.

उत्तर: कूलर चालू असतो "तरी" नाही भाऊ, कूलरमुळेच यातलं निम्मं होतंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर कोण बंद करणार, ते मी सांगतही नाही. पण कूलर ओली हवा फेकतो, रेडियमच्या मागचा कागद ती ओल पितो आणि फुगतो, वरचं विनाइल फुगत नाही, मग काठाला लाटा येतात आणि मधे बोगदे पडतात. पिंच रोलर नेमका काठावर चालतो, लाट आली की तो तिच्यावर चढतो आणि त्या बाजूची चाल बदलते. श्रावणात पावसाची झड लागली की पुन्हा हीच तक्रार घेऊन लोक येतात, कारण तेच. मागे कागदाऐवजी प्लास्टिकची फिल्म असलेला माल मिळाला तर त्याला हा त्रास होत नाही.

शिवाय कूलरचा झोत थेट मशीनवर असेल तर पुढे लोंबणारं आणि मागे सोडलेलं मोकळं रेडियम हलत राहतं. कूलरचं तोंड फिरवा किंवा मधे फळी उभी करा. रोल उघडे ठेवू नका, काम झालं की प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि उभे ठेवा, पत्र्याला टेकवून नको. काठाला लाटा आलेले दीड-दोन मीटर कापून छोट्या स्टिकरला वापरा, लांब कामाला घालू नका.

चिकटण्याचं म्हणाल तर उन्हाने गोंद मऊ होतो आणि काठातून बाहेर येतो, तो ग्रिट रोलरच्या खरखरीत दातांत बसतो, त्यावर धूळ आणि रेडियमचे बारीक तुकडे, आणि मग पकड जाते. जुना टूथब्रश घ्या, मशीन बंद करा, रोलर हाताने थोडा थोडा फिरवत कोरडाच घासा. गोंद निघत नसेल तर ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा लावा. तारेचा ब्रश कधीच नको, दातच घासले जातात. वरच्या रबरी रोलरला थिनर लावू नका, रबर फुगतं नि तडकतं, त्याला ओलसर कापड पुरे. दुकान बंद करताना लिव्हर वर करून जा, रात्रभर दाबून ठेवलेलं रबर एका जागी चपटं होतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला तिथे एक हिसका बसतो. उन्हाळ्यात लांब नावांची कामं सकाळी लवकर काढून घेता आली तर सगळ्यात बरं.

प्रश्न: शहाद्याहून. सारंगखेड्याच्या यात्रेच्या तोंडावर बोर्डांची कामं भरपूर असतात, घाईत रोलचा शेवटपर्यंत माल वापरतो. रोल संपत आला की पुढचं टोक गोल होऊन मशीनच्या खाली घुसतं आणि अडकतं. उपाय?

उत्तर: यात्रा डिसेंबरात, थंडीत विनाइल कडक होतं आणि नळीजवळचा माल घट्ट गुंडाळलेला असल्याने त्याचा गोलावा जात नाही. शेवटचे तीन-चार मीटर लांब कामाला ठेवूच नका. ते कापून उलट्या बाजूने सैल गुंडाळा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी बरंच सपाट झालेलं असतं. कापताना टोक मशीनच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर बाहेर राहील असं लावा म्हणजे रेडियम मागे जाताना टोक रोलरपाशी पोचत नाही, आणि टोकाला आडवी कागदी टेप लावली तर ते वळत नाही.

एक मात्र तपासा, कारण घाईत हे हमखास होतं. रिफ्लेक्टिव रेडियम जाड असतं, ते कापताना ब्लेड जास्त बाहेर काढलेलं असतं आणि साध्या मालावर येताना ते तसंच राहतं. मग ब्लेड मागच्या कागदात रुततं, प्रत्येक वळणावर रेडियमला ओढतं आणि कितीही सरळ लावलं तरी ते तिरकं होतं. छोटा चौकोन कापा, रेडियम सोला आणि कागदावर बोट फिरवा. नुसता पुसट ओरखडा लागला पाहिजे. नख अडकत असेल किंवा कागद उजेडात धरल्यावर रेघेतून प्रकाश येत असेल तर ब्लेड आत घ्या, आणि प्रेशर ८० ग्रॅमपासून सुरू करून नीट सोलता येईल तेवढंच वाढवा. ब्लेडखालची पांढरी पट्टीही बघा, तिच्यात खाच पडली असेल तर पट्टी बदला, त्या खाचेवर आलं की बरोबर लावलेलं ब्लेडसुद्धा कागदात खोल जातं.