भातकापणीच्या आधी घराची भोके बुजवा

पाऊस ओसरून ऊन पडू लागले की घाटमाथ्यावरच्या वाचकांची पत्रे घरात शिरणाऱ्या उंदरांविषयी, विंचवांविषयी आणि किड्यांविषयी येऊ लागतात. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

आमचे घर जावळी तालुक्यात डोंगराच्या कुशीत आहे. भिंती दगडी असून छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. दसरा झाला की माळ्यावर उंदरांची धावपळ सुरू होते आणि दिवाळीपर्यंत ती असह्य होते. पावसाळ्यात मात्र हा त्रास फारसा नसतो. असे का होते आणि काय करावे?

थंडी पडली म्हणून उंदीर घरात येतात, असे सर्रास सांगितले जाते. बर्फ पडणाऱ्या मुलखात ते खरे आहे. सह्याद्रीत मात्र खरे कारण शिवारात आहे. भात उभे असेपर्यंत उंदरांना खायला दाणा आणि लपायला आडोसा या दोन्ही गोष्टी बांधावरच मिळतात. कापणी सुरू झाली की थोड्याच दिवसांत आडोसा नाहीसा होतो आणि दाणा आपल्या अंगणात, खळ्यावर व तेथून माळ्यावर येतो. उंदीर त्या दाण्यामागून येतात. घरातल्या लहान उंदराचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि मादी एका वेळी पाच-सहा किंवा त्याहूनही अधिक पिल्ले देते. म्हणजे दसऱ्याला आत शिरलेली गाभण मादी दिवाळीच्या आत माळ्यावर व्यालेली असते. म्हणून उपाय कापणीनंतर नव्हे, कापणीच्या आधी करावयाचा आहे.

पहिले काम वाटा शोधण्याचे. भर दुपारी माळ्यावर जाऊन दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. जेथून उजेडाची तिरीप आत येते ती प्रत्येक जागा खडूने खूण करून ठेवावी. सर्वांत मोठ्या फटी बहुधा वळचणीला, भिंतीचा माथा आणि कौलांची शेवटची ओळ यांच्यामध्ये सापडतात. वाशांवर आणि भिंतीच्या कडेने तेलकट काळपट पट्टा दिसला तर तो उंदरांचा रोजचा रस्ता समजावा, कारण त्यांच्या अंगाचा मळ एकाच जागी घासून तसा पट्टा उमटतो. तरीही शंका राहिली तर रात्री भिंतीलगत पिठाचा किंवा रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी पावलांचे ठसे आणि मधून ओढत गेलेली शेपटीची रेघ कोठून निघते व कोठे संपते, हे त्यात स्पष्ट दिसते.

फट किती लहान असली तरी चालते, याविषयी बहुतेकांचा अंदाज चुकतो. जेथे पेन्सिल आत जाते तेथून घरातला लहान उंदीर जाऊ शकतो, कारण डोके आत गेले की उरलेले शरीर तो आक्रसून घेतो. वर्तमानपत्राचे बोळे, चिंध्या, थर्माकोल किंवा फवाऱ्यातून फुगणारा फोम यांनी भोके बुजवणे हे काम केल्याचे समाधान देते, त्यापलीकडे काही नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि तो ते सतत कुरतडून झिजवत असतो. वळचणीला पाव इंची छिद्रांची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी ठोकावी. जोत्यातील आणि भिंतीतील भोकांत भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंटचा गिलावा करावा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारावी आणि मोरीच्या तोंडावर बिजागरीची जाळी बसवावी. वायर आणि पाण्याचा पाइप जेथून भिंतीत शिरतात त्या जागा गवंडी हमखास सोडून देतात; तेथे स्वतः उभे राहून काम करून घ्यावे. छपरावर टेकलेल्या फांद्या किमान दीड-दोन मीटर मागे छाटाव्यात, नाही तर खालचा सगळा बंदोबस्त वाया जातो.

मात्र सर्व भोके एकाच दिवशी बंद करू नयेत. आधी एक-दोन सोडून बाकीची बुजवावीत, उरलेल्या वाटांवर सापळे लावावेत आणि आतील हालचाल थांबल्याची खात्री झाल्यावर शेवटचे भोक बंद करावे. तसे न केल्यास उंदीर आतच कोंडले जाऊन माळ्यातच मरतात आणि दुर्गंधी आठवडाभर जात नाही.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. त्यांवर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबावे आणि मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून पसरतात, म्हणून ही काळजी आवश्यक आहे.

पिंजरा लावला तरी उंदीर येत नाही, म्हणून दुकानदाराने विषारी वड्या दिल्या आहेत. घरात दोन वर्षांचे मूल आणि कुत्रा आहे. त्या वापराव्यात का?

आमचे स्पष्ट मत असे की, ज्या घरात लहान मूल आहे तेथे उंदरांचे विष आणूच नये. रक्त गोठू न देणारी ब्रोमॅडिओलोनसारखी विषे त्यांतल्या त्यात सौम्य समजली जातात, कारण त्यांवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा उपलब्ध आहे. तरी ती खाल्लेला उंदीर मरायला काही दिवस लागतात आणि तोवर तो अर्धमेल्या अवस्थेत बाहेर फिरत राहतो. त्याला गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ले तर विष त्यांच्याही अंगात जाते. जे घुबड रात्रभर आपल्या शेतात उंदीर टिपते, त्यालाच आपण मारायचे, हे शेतकऱ्याच्या घरी तरी घडू नये.

पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट मात्र अत्यंत घातक आहे. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावर खात्रीचा उतारा नाही. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात किंवा माळ्यावर टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन या गोळ्यांतून फॉस्फिन वायू बाहेर पडतो, आणि घाटमाथ्यावरच्या ओलसर हवेत तो झोपण्याच्या खोलीत पसरणे म्हणजे माणसांच्याच जिवावर बेतणे होय.

पिंजऱ्यात उंदीर न येण्याचे कारण बहुधा उंदराचा संशयी स्वभाव हे असते. मोठा उंदीर नव्या वस्तूपासून काही दिवस दूर राहतो. म्हणून पिंजरा त्याच्या रोजच्या वाटेवर, भिंतीला चिकटून ठेवावा, पहिल्या काही रात्री दार बांधून उघडेच राहू द्यावे आणि आत भाजलेले शेंगदाणे किंवा तव्यावर खरपूस केलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवावा. आमिष फस्त होऊ लागले की मगच दार सोडावे. चिकट फळ्यांचा सापळा वापरू नये. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो आणि पाली, पाखरेही अडकतात. अल्ट्रासॉनिक यंत्रांवर पैसे खर्चू नयेत, कारण उंदीर त्या आवाजाला लवकरच सरावतात.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लांब टोकदार नाकाची, उग्र वासाची आणि भिंतीच्या कडेने चिक्‌चिक्‌ आवाज करत धावणारी चिचुंद्री हा उंदीर नव्हे. ती मुख्यतः झुरळे आणि किडे खाते. पिंजऱ्यात सापडली तर तिला बाहेर सोडून द्यावे.

आंबोलीतील आमच्या घराच्या वाशांतून आणि बांबूच्या तट्ट्यांतून जमिनीवर भुकटी पडते. ही वाळवी आहे का?

भुकटी चिमटीत घेऊन चोळून पाहावी. ती टाल्कम पावडरसारखी मऊ लागली आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. बांबूतील पिष्टमय भाग त्याला प्रिय असतो. खसखशीसारखे कडक दाणे हाताला लागले तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी समजावी, आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या चढत आल्या असतील तर ती जमिनीतून येणारी वाळवी होय. पहिल्या प्रकारात पोखरलेला तट्ट्या काढून टाकून नवा बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून, पूर्ण वाळवून बसवावा. रंग किंवा पॉलिश केलेल्या लाकडात हे द्रावण शिरत नाही, म्हणून ते नेहमी आधी करावे. जमिनीतली वाळवी असल्यास नळ्या मोडून भागत नाही. जोत्याभोवती औषध जिरवण्याचे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

पाचगणीतील आमचे घर पावसाळाभर बंद असते. दिवाळीला उघडतो तेव्हा झुरळे फार असतात, आणि रात्री दिव्यावर हिरव्या किड्यांचा थवा जमतो.

बंद घरात झुरळे बहुतेक न्हाणीघरातून येतात. सांडपाण्याच्या नळीच्या वाकात जे पाणी साचलेले असते ते महिनोन्‌महिने वापर नसल्याने आटते आणि गटाराचा मार्ग मोकळा होतो. घर बंद करताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओतावे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. वर स्टीलची जाळी ठेवावी. हिरवे किडे बहुधा भातावरचे तुडतुडे असतात. ते माणसाला इजा करत नाहीत आणि कापणी आटोपली की आपोआप कमी होतात. दारावरचा पांढरा दिवा बदलून पिवळसर उजेडाचा लावावा आणि तो दारापासून थोडा लांब न्यावा, एवढे पुरे.

महाबळेश्वरजवळ राहतो. पावसाळ्यात भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडी सोडताना दर वर्षी विंचू निघतात, मागच्या वर्षी मण्यारही निघाला. झडी कधी आणि कशा काढाव्यात?

पावसाची शाश्वती संपताच, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, भर दिवसा उन्हात काढाव्यात. झड आणि भिंत यांच्यामधील ओलसर, अंधारी पोकळी ही किडे, पाली, त्यांना खाणारे विंचू आणि पालींवर जगणारे साप या सर्वांना एकत्र आणणारी जागा असते. म्हणून आधी लांब काठीने झडीवर दोन-तीनदा थोपटावे, थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि बूट व जाड हातमोजे घालून वरून खाली सोडत यावे. काढलेले गवत भिंतीलगत रचून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. ते, सरपण आणि पेंढा घरापासून लांब, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच मांडणीवर ठेवावे.

मण्यार रात्री हिंडतो आणि त्याचा दंश इतका बारीक असतो की झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. या दिवसांत जमिनीवर न झोपता खाटेवर, कडा गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. उंदीर कमी झाले की नाग, घोणस आणि धामण यांचे घरापर्यंत येणेही कमी होते, त्यामुळे पहिल्या उत्तरातील जाळीचा खर्च येथेही उपयोगी पडतो. साप दिसल्यास मारू नये; सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दंश झाल्यास पट्टा आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ घालवू नये. दंश झालेला हात किंवा पाय स्थिर ठेवून, १०८ ची रुग्णवाहिका बोलावून, सापाच्या विषावरची लस असलेल्या रुग्णालयात जावे. विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या आणि हातपाय गार पडले, तर तो लाल विंचू असण्याची शक्यता धरून तत्काळ निघावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध किती परिणामकारक आहे ते दाखवून दिले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध डॉक्टरांनी, रक्तदाब पाहून द्यावयाचे असते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आणि सर्पदंशाची लस शिल्लक आहे की नाही, याची चौकशी झडी सोडण्याच्या आधीच करून ठेवावी.