महासाथीत लस अपुरी असेल तर आधी कोणाला द्यावी, आणि का?

आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना. वॉर्डातली एक नर्स आजारी पडली की तिच्याकडच्या सगळ्या रुग्णांचे हाल होतात. पाठोपाठ साठीच्या पुढचे आणि मधुमेह, किडनी, फुप्फुसाचे विकार असलेले, कारण मृत्यूचा धोका यांनाच जास्त. अर्थात हा क्रम कोविडचा. २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायका आणि तरुण पुढे होते. ज्येष्ठांच्या अंगात जुन्या, मिळत्याजुळत्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) थोडीफार शिल्लक होती. केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील तर नेहमीचे डोस बऱ्याचदा पुरत नाहीत, जादा डोस लागतो; अशांच्या घरातल्या बाकीच्यांनीही लस घ्यावी. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर तीच लस पुन्हा नको. नुसता ताप आला होता, ही सबब चालत नाही.