पहिले 25 जीबी झरझर, पुढे रखडपट्टी

प्रश्न : माझी 1 टीबीची एक्स्टर्नल एसएसडी आठ महिन्यांची आहे. परवा 90 जीबी व्हिडिओ फुटेज तिच्यावर टाकायला घेतलं. सुरुवातीला सेकंदाला 900 एमबी वेग होता. 25 जीबी झाल्यावर तो एकदम 80 वर आला आणि तिथेच राहिला. कॉपी पंधरा मिनिटं थांबवली की पुन्हा थोडा वेळ पळते. एसएसडीत 130 जीबी जागा शिल्लक आहे. ती खराब होतेय का?

उत्तर : नाही, ही खराब होण्याची लक्षणं नाहीत. 25 जीबीचा आकडा तुम्ही टिपलात, त्यामुळे निदान सोपं झालं.

केबल आणि पोर्ट तर ठीकच आहेत, नाहीतर 900 दिसलेच नसते. (फोनच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल लावून मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. अशा बऱ्याच केबल यूएसबी 2.0 च्या असतात, वेग पहिल्यापासूनच 40 च्या आसपास रेंगाळतो.)

तुमच्या एसएसडीत बहुधा क्यूएलसी मेमरी आहे. तिच्या एका सेलमध्ये, म्हणजे डेटा साठवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यात, 4 बिट बसतात, म्हणजे विजेच्या 16 वेगवेगळ्या पातळ्या अचूक साधाव्या लागतात. हे काम सावकाशीचं. म्हणून एसएसडी आधी रिकाम्या सेलमध्ये एकेकच बिट भराभर लिहून घेते आणि सवड मिळाली की तोच डेटा चार-चार बिट करून नीट रचते. या तात्पुरत्या जागेला एसएलसी कॅशे म्हणतात. एका बिटासाठी चार बिटांची जागा अडते, त्यामुळे 130 जीबी मोकळ्या जागेत फार तर 32 जीबीचा कॅशे मावतो. थोडी जागा एसएसडी हाताशी राखून ठेवते, म्हणून तुमचा 25 वरच संपला. ती पंधरा मिनिटं एसएसडी आवराआवर करत होती.

आता निम्मी एसएसडी रिकामी करा. आधी सगळ्याची दुसरीकडे प्रत घ्या, फुटेज पुन्हा शूट करता येत नाही. फाइल पुसल्यावर ती जागा मोकळी झाली हे एसएसडीलाही कळावं लागतं, त्याला ट्रिम म्हणतात. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्सखाली ‘ऑप्टिमाइझ’ आहे, ते चालवा. मग तेच फुटेज पुन्हा कॉपी करा. वेग 25 ऐवजी बराच पुढे जाऊन पडला, तर कॅशेचंच कारण पक्कं. यापुढे जागा मोकळी ठेवा आणि मोठं फुटेज दोन-तीन टप्प्यांत टाका.

तरीही 25 लाच अडखळली, तर वेग पडतो त्या क्षणी एसएसडीला हात लावून बघा. चटका बसण्याइतकी तापली असेल तर ती स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करते आहे. लॅपटॉपच्या गरम बाजूपासून दूर, उघड्या टेबलावर ठेवून पुन्हा करून बघा आणि दोन्ही वेळचे आकडे मला कळवा.